पाटकरी नसलेला पाट

पहाटे ४.३५

उशाशी ठेवलेला फोन थरथरतो. पडद्यावर एकच ओळ: ‘११ डब्या ४५ मिनिटांपासून गप्प.’

निफाड तालुक्यात कडवा नदीच्या बाजूला शेजारशेजारच्या नऊ द्राक्षबागांत मिळून आमच्या ६४ डब्या आहेत. आम्ही ऑफिसात त्यांना नोड म्हणतो, बागेत सगळे डबीच म्हणतात आणि आता मीही तेच म्हणते. प्रत्येक डबी दर पंधरा मिनिटांनी तापमान, पानावरचा ओलावा आणि मातीतली ओल मोजते आणि रस्त्याकडेच्या पाण्याच्या टाकीवर बसवलेल्या गेटवेला बिनतारी निरोप पाठवते. जानेवारी महिना आहे, मण्यांत साखर भरतेय. पारा चार-पाच अंशांवर उतरला तर मणी तडकतात. त्याआधी शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सुरू करायचं. हाताशी अर्धा-पाऊण तास असतो.

मी नानांना फोन लावते. त्यांची तीन एकर थॉमसन नदीकडेच्या टोकाला आहे आणि गप्प झालेल्यांपैकी चार डब्या त्यांच्या आहेत.

“किती आहे ताई?”

“माहीत नाही नाना. शेवटचा आकडा साडेतीनच्या सुमाराचा आहे, ७.१. तुमच्याकडचा साधा थर्मामीटर बघता का जाऊन?”

“जातो.”

दहा मिनिटांनी त्यांचाच फोन येतो. साडेचार अंश. शेकोट्या पेटवायला माणसं उठवली आहेत, मोटर सुरू केली आहे.

हे ‘माहीत नाही’ म्हणता यावं म्हणून मी दोन वर्षं भांडले आहे. आमच्या पहिल्या व्यवस्थेत डबी गप्प झाली तरी पडद्यावर तिचा शेवटचा आकडा हिरव्या अक्षरात तसाच दिसत राहायचा. तेव्हाच्या हिशेबाने आज पहाटे तिथे ७.१ दिसलं असतं आणि नाना झोपून राहिले असते. गप्प डबी आणि सुखरूप डबी पडद्यावर सारखी दिसणं, याहून मोठा दोष मला सेन्सरच्या जाळ्यात दिसत नाही.

पहाटे ५.१०

स्वेटर, चहा, लॅपटॉप. गेटवेची नोंदवही उघडते.

डबी गप्प होण्याची कारणं अनेक असतात. बॅटरी संपते, उंदीर वायर कुरतडतो, फवारणीच्या ट्रॅक्टरचा धक्का लागून अँटेना मोडते. पण हे सगळं एकेका डबीला होतं. एका रात्रीत अकरा गेल्या म्हणजे कारण हवेत आहे.

आमच्या डब्या ८६५ मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्टीत बोलतात. २००५ साली केंद्र सरकारने ८६५ ते ८६७ ही पट्टी परवानामुक्त केली. पुढे २०२१ मध्ये ती ८६८ पर्यंत वाढवली. एक वॉटपर्यंत ट्रान्समीटर लावा, अँटेनाचा जोर धरून चार वॉटपर्यंत जा, कुणाची परवानगी नको. अट एवढीच की दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर संरक्षण मागायचं नाही. पट्टी सगळ्यांची आहे आणि एकट्या कुणाचीच नाही. टोलनाक्यावरचा फास्टॅग वाचणारी यंत्रं याच पट्टीत आहेत. काही ठिकाणचे वीजमीटर, पाणीमीटर, गोदामातले टॅग, आमच्यासारख्यांच्या शेतातल्या डब्या, सगळ्यांची वस्ती इथेच.

नोंदवहीत दोन गोष्टी दिसतात. अकरांपैकी आठ डब्यांचे निरोप गेटवेपर्यंत पोहोचतच नाहीत. या आठही टाकीपासून सर्वांत लांबच्या, नदीकडेच्या. उरलेल्या तिघींचे निरोप मात्र येताहेत, अगदी वेळेवर येताहेत, आणि आमचा सर्व्हरच ते फेकून देतोय.

या तिघींपाशी मी जरा थांबते. आमचा प्रत्येक निरोप १२८ बिटांच्या किल्लीने कुलूपबंद असतो आणि त्याच्यावर अनुक्रमांक असतो. सर्व्हर फक्त चढता क्रमांक स्वीकारतो. कारण निरोप वाचता आला नाही तरी तो हवेतून टिपून ठेवणं कुणालाही जमतं. काल दुपारचा २८ अंशांचा अस्सल निरोप, आमच्याच किल्लीने बंद केलेला, कुणी आज पहाटे पुन्हा हवेत सोडला तर कुलूप त्याला अडवणार नाही. अडवतो तो अनुक्रमांक. या तीन डब्यांचे क्रमांक कालपर्यंत लाखाच्या घरात होते. आज पहाटे ३.५० नंतर ते शून्य, एक, दोन असे येताहेत.

याचे दोन अर्थ होतात. एकतर या डब्या बंद पडून पुन्हा सुरू झाल्या आणि आपला क्रमांक विसरल्या. त्या जुन्या बनावटीच्या आहेत, क्रमांक कायमस्वरूपी लिहून ठेवत नाहीत. किंवा तीन वर्षांपूर्वीचे त्यांचे पहिले निरोप कुणीतरी जपून ठेवले होते आणि ते आता वाजवतंय. पहिला अर्थ शंभरपट संभवनीय आहे. तरी बसल्याजागी ठरवता येत नाही.

सर्व्हरमध्ये ‘अनुक्रमांक तपासू नका’ अशी एक खूण आहे. ती केली की तिन्ही डब्या या क्षणी हिरव्या होतील. एका हंगामात मी ती दोन दिवस केली होती. काही बिघडलं नाही. पण त्या दोन दिवसांत मी शेतकऱ्यांना दिलेला एकही आकडा छातीवर हात ठेवून खरा म्हणता आला नसता, आणि ते त्यांना मी सांगितलंही नव्हतं. आज ती खूण करत नाही.

सकाळी ६.५०

ओझर सोडलं. धुकं आहे, गाडी सावकाश. मागच्या सीटवर स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर, यागी अँटेना, नव्या बॅटऱ्या, वायर, शिडी.

सकाळी ७.४०

बागेवर धुराचा थर आहे. नाना मफलर बांधून शेवटच्या शेकोटीत पाचट सरकवताहेत. “तीन ओळींत थोडं तडकलंय, बाकी माल वाचला,” एवढंच सांगतात. मी त्या तीन ओळी बघून येते. मण्यांना देठाशी बारीक उभी चीर गेलेली आहे. पुढच्या दोन दिवसांत तिथे माश्या बसतील.

आधी तीन विसरभोळ्या डब्या. पहिलीचं झाकण काढून बॅटरीचा दाब बघते. विश्रांतीत ठीक आहे, पण डबी बोलायला लागली की काटा एकदम खाली येतो. जुनी लिथियम बॅटरी आणि वर थंडी. पण बॅटरी जुनी तर महिनाभर होतीच, आजच का?

उत्तर नोंदवहीत आहे. आमच्या डबीला गेटवेकडून बराच काळ उत्तर आलं नाही, की ती आपल्याला ऐकू गेलं नाही असं समजते आणि आपला निरोप अधिक सावकाश, लांबवून पाठवू लागते. लांबवलेला निरोप दूर पोहोचतो. मात्र जो निरोप एरवी सेकंदाच्या शंभरातल्या सात भागांत संपतो, तोच सर्वांत सावकाश चालीत दीड सेकंदाहून जास्त वेळ हवा अडवतो, वीसपटीहून अधिक. तेवढा वेळ बॅटरीवर ताण येतो. या तिघी परवापासून सावकाश बोलायला लागल्या होत्या. पहाटेच्या थंडीत म्हाताऱ्या बॅटरीला तो ताण झेपला नाही, डबी बंद होऊन पुन्हा उठली, क्रमांक विसरली, आणि चोरासाठी लावलेल्या कुलपाने घरच्यांनाच बाहेर ठेवलं.

ही झाली कथा. ती खरी आहे याचा पुरावा हवा. मी तापमानाची कांडी मुठीत धरते आणि डबीचं बटण दाबून तिला आत्ताच बोलायला लावते. नाना बघताहेत. लॅपटॉपवर टाकून दिलेल्या निरोपांची यादी उघडी आहे. नवा निरोप येतो, क्रमांक सोळा, तापमान २६.३. आजूबाजूला नऊ अंश आहे. तीन वर्षांपूर्वीच्या टिपून ठेवलेल्या निरोपाला माझ्या मुठीची ऊब माहीत असणं शक्य नाही. उरलेल्या दोघींनाही अशीच मूठ देते. तिघी आपल्याच आहेत.

आता उरलेल्या आठ. यागी अँटेना चारी दिशांना फिरवते आणि पडद्याकडे बघत राहते. काही नाही. पट्टी एवढी स्वच्छ की अधूनमधून आमच्याच डब्यांची टोकं उठताना दिसतात. आठही डब्या बोलताहेत, पूर्ण जोरात, अगदी शहाण्यासारख्या. इथे मी जवळपास दोन तास घालवते. जागा बदलते, उंची बदलते, केबल बदलते. दोष सापडत नाही, कारण दोष इथे नाहीच.

सकाळी १०.३०

पाण्याच्या टाकीवर चढल्यावर अँटेना अजून पूर्ण उघडलीही नव्हती, तेवढ्यात पडद्यावर भिंत उभी राहिली. ८६६ च्या जरा अलीकडे एक जाड, न हलणारा खांब.

गोंगाट बोलणाऱ्यांपाशी नव्हता, ऐकणाऱ्यापाशी होता. नदीकाठी उभं राहून तो कुणालाही दिसला नसता. आमच्या सर्वांत लांबच्या डबीचा आवाज टाकीवर पोहोचेपर्यंत जेवढा उरतो, त्याच्यापेक्षा हा खांब सत्तर डेसिबलने मोठा आहे, म्हणजे एक कोटीपट. आमच्या तीन वाहिन्यांपैकी ८६५.९८५ ची तर त्याच्या पोटातच गेली आहे. बाकीच्या दोन थोड्या दूर आहेत, पण कानाशी एवढा भोंगा असल्यावर गेटवे बारीक आवाजांना सगळीकडेच बहिरा होतो. जवळच्या डब्या ओरडून निभावून नेतात. लांबच्या बुडतात. मधल्या सावकाश बोलू लागतात, हवा जास्त वेळ अडवतात आणि एकमेकींवर आदळतात.

हे आदळणं जुनं दुखणं आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची यंत्रं एका रेडिओ वाहिनीवर जोडली आणि त्याला ‘अलोहा’ नाव दिलं. ज्याला बोलायचं त्याने बोलावं, टक्कर झाली तर थांबून पुन्हा बोलावं. या साधेपणाची किंमत गणितात पक्की आहे: सगळं उत्तम जुळलं तरी वाहिनीचा जेमतेम १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. आमच्या डब्या मूळ स्वभावाने अलोहाच आहेत. गर्दी कमी होती तोवर हे कुणाला जाणवलं नाही.

यागी फिरवते. खांब सर्वांत उंच होतो ती दिशा रस्त्यापलीकडची, पावणेदोनशे-दोनशे मीटर. निळ्या पत्र्याचं नवं पॅकहाऊस.

सकाळी ११.४५

व्यवस्थापक तरुण आहेत, वीस तास जागे असावेत. परवा संध्याकाळी त्यांच्या फाटकावर क्रेट आणि गाड्यांचे टॅग वाचणारं यंत्र बसलं आहे. हंगाम तोंडावर आहे, म्हणून परवापासून अधूनमधून आणि काल रात्रभर चाचणी सुरू ठेवली होती.

इथे मला जपून बोलावं लागतं, कारण त्यांनी चूक केलेली नाही. यंत्र प्रमाणित आहे, ताकद मर्यादेत आहे. पट्टी परवानामुक्त झाली तीच मुळात अशा टॅगांना डोळ्यांपुढे ठेवून. कायद्याने मी त्यांच्याकडे काहीच मागू शकत नाही. हेतुपुरस्सर आवाज कोंडणारा आणि आपलं काम चोख करणारा शेजारी, या दोघांचा आमच्या डब्यांवर होणारा परिणाम सारखाच असतो. सुरक्षा आणि भरवसा यांची वेगवेगळी दोन खाती करणाऱ्या माणसांना मी हे फाटक दाखवायला आणेन.

मी लॅपटॉप उघडून त्यांना पहाटेचा आलेख दाखवते. आठ रेषा एकेक करून तुटतात ती वेळ, आणि त्यांच्या यंत्रावरची चाचणीची वेळ. मग नानांच्या मण्यांचा फोटो.

“ताई, हा माल तर आमच्याकडेच येणार आहे,” ते म्हणतात.

त्यापुढे काम भराभर होतं. यंत्र चोवीस तास न चालवता गाडी फाटकावर आली की सेन्सरने जागं करायचं. अँटेना टाकीकडे बघत होत्या, त्या खाली झुकवून क्रेटकडे वळवल्या. ताकद पायरीपायरीने उतरवत नेली. पाव ताकदीतही सगळे टॅग वाचले गेले. मी माझ्या बाजूने पोटात गेलेली वाहिनी सोडून दुसरी धरायची आणि नदीकडे दुसरा गेटवे उभा करायचा. हे सगळं कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. त्या कागदाला कायद्यात किंमत नाही. मला आहे.

दुपारी १.३०

नानांकडे बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. काकू दुसऱ्यांदा वाढतात आणि विचारत नाहीत.

दुपारी २.३०

तीन डब्यांचं काम. नुसता सर्व्हरमधला क्रमांक शून्यावर आणला तर त्या चालतील, पण मग तीन वर्षांत हवेतून कुणी टिपलेला प्रत्येक जुना निरोप पुन्हा खरा ठरू शकेल. म्हणून वायर जोडून तिघींना नव्या किल्ल्या देते, नव्या बॅटऱ्या घालते. यापुढे त्या प्रत्येक वेळी उठल्यावर सर्व्हरकडून ताजी किल्ली मागून घेतील. एकेकीला पंचवीस मिनिटं लागतात. वाकून पाठ भरून येते. जुन्या बनावटीच्या अशा अजून एकोणीस डब्या आहेत, त्या या महिन्यात बदलायच्या. वहीत तारखा लिहिते.

दुपारी ४.१५

बांधावर बसून ऑफिसच्या बैठकीत फोनवरून सामील होते. विषय नेमका हाच: पट्टी भरत चालली, पुढे काय.

आमच्यातला सर्वांत धाकटा सहकारी तयारी करून आला आहे. त्याचं म्हणणं, डब्यांनी बोलण्याआधी ऐकावं. जिथे शांत असेल तिथे बोलावं. तो पालघरमधल्या खामलोली परिसराचं उदाहरण देतो. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकरांच्या गटाने तिथे दूरचित्रवाणीच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्टीतली रिकामी जागा वापरून गावांपर्यंत इंटरनेट नेऊन दाखवलं. दूरदर्शनशिवाय त्या पट्टीत कुणी नसल्याने तिचा मोठा भाग ओसाडच पडलेला होता. उदाहरण चांगलं आहे, आणि आमच्या नाशिकशीही या विषयाचा धागा आहे. आयआयटी मुंबईनेच सुलाच्या द्राक्षमळ्यात बिनतारी सेन्सरचे सुरुवातीचे प्रयोग केले होते.

मी त्याला आजची सकाळ सांगते. नदीकाठच्या आठ डब्यांनी बोलण्याआधी ऐकलं असतं, तर त्यांना काय ऐकू आलं असतं? निखळ शांतता. मी स्वतः दोन तास तीच ऐकत होते. हवा कुठे रिकामी आहे हे एका जागेवरून कळत नाही. अनेक जागांवरून ऐकून ताळा घ्यावा लागतो. आणि अनेकांची साक्ष घ्यायची म्हटली की खोट्या साक्षीचा प्रश्न आलाच. एखादी फितवलेली डबी ‘इथे गर्दी आहे’ म्हणत राहिली तर बाकीच्या उगाच गप्प बसतील. ज्या पट्टीत मूळ हक्कदार असतो, तिथे कुणी हक्कदाराचा आवाज काढून सगळ्यांना उठवून लावू शकतो. या दोन्ही हल्ल्यांवर संशोधकांनी पुष्कळ लिहिलं आहे. उपाय आहेत: एकाच साक्षीवर न विसंबणं, कुणाची साक्ष किती वेळा खरी ठरली याचा हिशेब ठेवणं, आवाज नेमका कुठून येतो ते मोजणं. पण प्रत्येक उपायाला वीज लागते, आणि माझ्या डबीला एका बॅटरीवर पाच वर्षं काढायची आहेत.

बोलताना मला फड आठवतो. माझं आजोळ मोसम नदीच्या काठचं. नाशिक-धुळ्याकडे बंधाऱ्याचं पाणी काही शतकं फड पद्धतीने वाटलं गेलं. कुणाच्या शेताला केव्हा आणि किती पाणी, हे पाटकरी ठरवायचा आणि सगळे ते मानायचे. पिकांची राखण जागल्या करायचा. पाण्याला पाटकरी होता, पिकाला जागल्या होता, आणि दोघांना गावाने नेमलेलं होतं. आमच्या पट्टीत सरकारने पाट सर्वांना खुला केला, ही फार चांगली गोष्ट झाली. तिच्याशिवाय नानांच्या बागेत डबी परवडलीच नसती. पण पाटकरी नेमायचा राहून गेला. एका टाकीभोवतीच्या दोन-तीन किलोमीटरांत कोण केव्हा बोलतं याची एक साधी सामाईक वही, पॅकहाऊस, पाणीमीटरवाले, आम्ही, सगळ्यांनी मिळून ठेवलेली, एवढी तरी हवी.

पलीकडे जरा वेळ कुणी बोलत नाही. मग धाकटा विचारतो, “वही कुणाकडे ठेवायची?” यावर अर्धा तास जातो. शेवटी ठरतं, पहिली वही आम्हीच सुरू करायची, या टाकीपासून. आज सह्या झालेला कागद तिचं पहिलं पान.

संध्याकाळी ६.३०

नदीकडे तात्पुरता गेटवे उभा केला. बांबू, सौर पट्टी, मोबाइलचं सिम. आठांपैकी सहा लगेच आल्या. दोन येत नाहीत, त्यांच्यात आणि बांबूत जुनं चिंचेचं बन आहे. अंधार पडला, ते उद्या.

रात्री ९.५०

घरी. जेवण झालं. अ‍ॅनलायझर टाकीवरच ठेवून आले आहे, त्याचा पडदा इथून दिसतो. ९.४१ ला पॅकहाऊसवर गाडी आली असावी: खांब उभा राहिला, सकाळच्या मानाने ठेंगणा, चाळीस सेकंद टिकला आणि बसला. त्या चाळीस सेकंदांत आमचा एक निरोप हरवला. पुढच्या पाळीत तीच डबी नीट बोलली.

६४ पैकी ६२ हिरव्या. दोन करड्या, त्यांच्यासमोर आकडा नाही, फक्त शेवटची वेळ.

नानांचा फोन.

“किती आहे ताई?”

“९.४ नाना. चार मिनिटांपूर्वीचं.”

“आणि चिंचेकडं?”

“तिथलं अजून माहीत नाही.”

“बरं. तिकडं मी थर्मामीटर टांगून येतो. तीनला उठतोच.”

“मीही उठते,” मी म्हणते, आणि गजर तीनचा लावते.